साठच्या खालची नाडी

माझी वहिनी सहाय्यक नर्स. बेडपॅन उचलून नि चादरी बदलून कंबर गेली, पण पक्की नर्स व्हायची परीक्षा काही पास होईना. तीनदा आपटली. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. दादा म्हणायचा, "पुरे आता, या वयात कसली गं शाळा!" मी म्हटलं, "तू गप बस. घर तिच्याच पगारावर चालतंय."

रोज संध्याकाळी ती भाजी चिरायची आणि मी सरावाचे प्रश्न वाचायची. इन्सुलिन द्यायचंय नि पेशंट जेवायलाच तयार नाही, तर? आधी कोणाकडे धावायचं, ओरडणाऱ्याकडे की गप्प पडलेल्याकडे? ती फटाफट उत्तरं द्यायची. ऐकून ऐकून मलाच निम्मं पाठ झालं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी वाचलं, "हृदयाची गोळी द्यायची आहे, नाडी बावन्न. काय कराल?"

वहिनीची सुरी थांबली.

"अगं, हे तर तुला झोपेत येतं! नाडी साठच्या खाली, तर गोळी थांबवायची, डॉक्टरांना कळवायचं."

"कळवलं होतं, वन्सं." सुरी तशीच हातात. "चार नंबरच्या खाटेवरच्या सुताराचं. डॉक्टर फोनवर खेकसले, मला शिकवतेस का? लिहिलंय ते दे. मी दिली. त्याच दुपारी तो गेला. बायको माझे हात धरून म्हणाली, सख्ख्या बहिणीसारखं केलंत तुम्ही."

मेला तो डॉक्टर, करून सवरून नामानिराळा! पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आता तोंड बंद ठेव नि पेपर दे. गेलेला माणूस परत येतो थोडाच?" वाईट वाटत होतं मला, नाही असं नाही. पण आम्हालाही जगायचं होतं.

सकाळी मी सोबत निघाले, तर ही बया परीक्षेची वाट सोडून भलत्याच गल्लीत शिरली.

"वहिनी, वेड लागलंय का? उशीर झाला तर आत घेणार नाहीत! कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"तोंड बंद ठेवणं मला जमायचं नाही, वन्सं," एवढंच म्हणाली.

सुताराच्या घरात रंधे भिंतीला टेकवलेले, एक खुर्ची अर्धीच विणलेली. त्याच्या बायकोनं आम्हाला बघितलं नि डोळे भरून आले तिचे. "या बाई, बसा," म्हणाली. लगबगीनं दोघींपुढे चहा ठेवला.

वहिनीनं कपाला हात लावला नाही. सगळं सांगितलं. नाडी, फोन, गोळी. "डॉक्टर म्हणाले खरं, पण मला कळत होतं. आणि गोळी मीच दिली."

सुताराची बायको उठली, वहिनीपुढचा कप उचलला आणि मोरीत ओतून आली.

माझा कप तसाच राहू दिला.