कापलेल्या पंखांचा भारीट

नानाखेड्याच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा भर दुपार होती. फाल्गुनातच माळव्यातलं ऊन चटके देत होतं. उज्जैनला लोक महाकालासाठी जातात. मी गेले ती धाकट्या बहिणीच्या, शांताच्या, नवऱ्यासाठी. दाजी रेल्वेत लाइनीवर कामाला होते. आता वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. डॉक्टरांनी हात टेकलेत.

शांतानं दालबाफले वाढले (बाफले म्हणजे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे). दोन खाल्ले की पोटात धोंडा. जेवतानाच तिनं काम सांगितलं.

"पंडितजी बोलले, ह्यांच्या नावानं घाटावर एक पाखरू सोडायचं. उडालं की संकट टळलं. मला ह्यांना सोडून निघताच येत नाही, आक्का. तू जा ना."

"पाखरू उडालं की माणूस उठून बसतो होय?"

"तू मानू नको. पण जा."

दुसऱ्या दिवशी रामघाटावर गेले. एक माणूस कापडाखाली टोपली झाकून बसला होता. पाखरं विकायला बंदी आहे, म्हणून कापड. "गंदम है अम्मा, विलायत से आता है." गंदम म्हणजे आपला काळ्या डोक्याचा भारीट. चिमणीहून थोडा थोराड, पोट हळदीसारखं पिवळं. पैसे देऊन हातात घेतला. सोडायला ओंजळ उघडली, तर धपकन पायरीवर पडला. पंख उलगडून पाहिला. लांब पिसं कात्रीनं कापलेली.

"लाओ अम्मा, दूसरा देता हूँ."

"आणि हा उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारशील?"

मराठीतच बोलले. त्याला कळलं. त्यानं मान फिरवली. भारीट पदरात घेऊन घरी आले. शांतानं शेजारून जुना पिंजरा आणला.

दाजींची जीभ जड झाली आहे, पण पाखरू पाहून बोलू लागले. लाइनीवर असताना पक्षी बघणारे लोक त्यांना भेटत, त्यांच्याकडून कळलेलं. हे भारीट इकडे हिवाळ्यात गहू-ज्वारी खायला येतात. चैत्रात थवेच्या थवे निघून तुर्कस्तान, ग्रीस, पार भूमध्य समुद्रापर्यंत जातात. तिथं द्राक्षाच्या मळ्यांत घरटी करतात. नर तिथंच गातो. इथं नुसता चिवचिवतो. हिवाळ्यात त्याचं डोकं मळकट दिसतं. पिसांच्या कडा झिजल्या की खालचा काळा रंग उघडा पडतो.

"हा काळा झालाय. म्हणजे निघायचे दिवस आले," दाजी म्हणाले.

माझ्या घरी जन्मभर कोंबड्या होत्या. कापलेलं पीस वाढत नाही, ते गळून नवं यायला हंगाम लागतो. खुंट उपटला तर मात्र महिन्याभरात नवं फुटतं. दाजी म्हणाले, ह्याचा पीस गाळायचा हंगाम पुढचा हिवाळा. उपटण्याचं मी सांगून बसले.

"मग उपटा, आक्का. थव्यामागून जाईल."

"बिल्कुल नाही," शांता म्हणाली. "आत्ता उडूनही संकट टळलं नाही तर? पिसं पुढच्या हिवाळ्यातच येऊ देत. तोवर नवस बाकी राहतो. नवस बाकी असताना देव माणूस नेत नाही."

"तोवर मी असाच?"

"असाच."

चार दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निघायच्या सकाळी शांता अंघोळीला गेली, तेव्हा दाजींनी डोळ्यांनी पिंजरा दाखवला. मी भारीट मुठीत घेतला, पहिला खुंट चिमटीत धरला. मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं. मागं शांता ओल्या केसांनी उभी होती.

"तू जाशील आपल्या घरी, आक्का. मी इथं कुणाशी बोलू?"

भारीट पिंजऱ्यात ठेवला. दाजींनी भिंतीकडे तोंड केलं.

उज्जैनमधल्याच देवास गेटवरून परतीची बस धरली. शहराबाहेर गव्हाची काढणी चालली होती. बाभळीवर भारटांचा थवा बसला होता. झाड पिवळं दिसत होतं.

चैत्रात शांताचा फोन आला. थवे गेले. पिंजऱ्यातला रात्रभर गजांवर आपटतो, चोच रक्तानं माखते. दाजी ऐकत जागे पडलेले असतात.

"आपटू दे," शांता म्हणाली. "दोघं जिवंत आहेत ना!"

मी नवस मानत नाही. तरी त्या सकाळी माझी चिमटी सुटली. उपटायला हवं होतं.