चालत्या बनातली इंदू

दिवाळीच्या सुट्टीत मी माळशिरसला बहिणीकडे गेले होते. परत आले, रिक्षातून पेटी उतरवली, तर आमच्या घरमालकीण नरसम्मा ओट्यावर उभ्या. एरवी हसत पुढे येऊन हातातली पिशवी घेणाऱ्या बाई त्या, पण त्या दिवशी मला बघताच त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुमची मैत्रीण गेली की हो बाई..." एवढंच म्हणाल्या. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं गेली?" कारण इंदू नेहमी कुठंतरी गेलेलीच असायची. कावीळ झाली होती. तिनं ती अंगावर काढली, शेवटी भाऊ येऊन पुण्याला घेऊन गेला आणि तिथं सगळं आटोपलं. मी कुलूप काढून आत गेले, स्टोव्ह पेटवला आणि सवयीनं दोन कप चहा टाकला. मग मात्र मला रडू आवरेना.

इंदू कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मी मुलींच्या शाळेत गणित. दोघी बिनलग्नाच्या, तेव्हा विणकरांच्या त्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड ऐकत दोन खोल्यांत आमचं बरं चाललं होतं. स्वयंपाक माझा, कारण तिला तिखट-मीठ कळायचं नाही. सुट्टीचा दिवस आला की बाईसाहेब पहाटेच्या एस.टी.नं कुंभारीच्या पलीकडच्या एका गावी जायच्या. का, तर तिथं माकडं होती! "अगं, सोलापुरात माणसांतली कमी पडली का?" असं मी चिडवायची. ती हसायची आणि शेंगाचटणीबरोबर भाकरी बांधून निघायची.

त्या गावाबाहेर माळावर येताळाचं, म्हणजे वेताळाचं, बन आहे. भोकरीची जुनी, वाकडीतिकडी झाडं. येताळाच्या भीतीनं कुणी तिथली काडी उचलत नाही आणि दुपारी उन्हं डोक्यावर आली की गुरंही तिकडं वळवत नाहीत. बनात राहायची ती फक्त लाल तोंडाची माकडं. तिच्या हट्टापायी एकदा मी तिच्याबरोबर गेले. चैत्रातलं ऊन होतं. सगळा माळ उघडाबोडका, वारा पडलेला, आणि बनात शिरल्यावर आधी कसलाच आवाज येईना. मग कळलं की आपल्याकडे बघितलं जातंय. फांदीफांदीवर बसलेली माकडं, गाल फुगवून, एक शब्द न काढता! वर्गातल्या पोरींनी असं गप्प बसावं म्हणून मी रोज देव पाण्यात घालून बसते, पण ती शांतता मला सोसवेना. मी इंदूचा हात घट्ट धरला.

बनाला लागून गेनबांचं शेत होतं. गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि बांधावर उभं राहून हात लांब केला. बनापासून गावाच्या विहिरीकडं भोकरीच्या रोपांची एक ओळ गेली होती. बनाजवळची पुरुषभर उंच, पुढची कमरेएवढी, त्यापुढची गुडघ्याएवढी. कुणीतरी सावकाश चालत येतंय आणि आपण फक्त त्याची पावलं बघतोय, असं वाटत होतं.

"बन चालतंय बाई," गेनबा म्हणाले. "माज्या बापाच्या वक्ताला ते तितं हुतं, त्या खालच्या लवणात. आता हितवर आलंय. येताळ गावात यायाला लागलाय. शिव वलांडली की गाव ऱ्हात न्हाय."

मला वाटलं, इंदू आता व्याख्यान देणार. तिनं मान डोलावली. "व्हय, चालतंय," ती म्हणाली, अगदी त्यांच्याच बोलीत. "पर कुनाच्या पायानं, ते बगा की जरा." आणि तिनं त्यांना दाखवलं. ही माकडं भोकरं तिथल्या तिथं खात बसत नाहीत. घाईघाईनं गालांच्या पिशव्यांत कोंबतात आणि विहिरीच्या वाटेवरल्या दगडांवर निवांत बसून एकेक चघळतात. गर खातात, बी थुंकतात. दगडाच्या सावलीला ओल टिकते आणि तिथं रोप धरतं. वानराला, म्हणजे काळतोंड्याला, अशा पिशव्याच नसतात. गाव वानराला मारुती मानून हात जोडतं, वानर मेलं तर टाळ-मृदंगाच्या गजरात पुरतं, आणि लाल तोंडाच्या माकडाला गोफणीनं हाणतं. "बन लावतंय माकड, आन पाया पडताय वानराच्या," इंदू म्हणाली. गेनबा हसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती काही गेली नाही.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, माळावरचं गवतसुद्धा संपलं, गुरं उभ्या जागी बसली. आणि त्या करपलेल्या माळावर ती ओळ मात्र हिरवीच! ओल कुठून आली ते इंदू सांगायची, पण ज्याच्या दावणीला काही उरलेलं नाही, त्याला ओलीचं काय सांगणार? गावानं ठरवलं, येताळ शिव ओलांडायच्या आत बनाबाहेरची रोपं समूळ तोडायची. "म्हातारी मेल्याचं दुक न्हाय, काळ सोकावतो," असं गेनबा म्हणाले. इंदू चावडीसमोर जाऊन उन्हात बसली आणि उठेचना. रोपं गेली की बन तिथल्या तिथं म्हातारं होऊन मरणार होतं. पुढं सरकायची त्याची तेवढी एकच वाट होती. अखेर गेनबांनी सगळ्यांदेखत तिला सबूद दिला : बाई हायत तवर कुऱ्हाड लागणार न्हाय. तिकडं सबूद म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं दोनदा भात मागून घेतला.

पण त्यानंतर ती बदलत गेली. बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघेना, खांद्यापलीकडे कुठंतरी बघत राहायची. माकडाच्या डोळ्यात डोळे घातले की त्याला ते भांडण वाटतं, म्हणे. "अगं, मी माकड आहे का?" असं मी रागावून विचारलं, तर तिनं गोंधळून कसनुसं हसून मान खाली घातली. तासन्‌तास हलायची नाही. मी कधी उदास असले तर काही न बोलता मागे येऊन बसायची आणि माझ्या पदरावरचे दोरे, कुसळं एकेक करून वेचायची. अंगावर काटा यायचा, आणि बरंही वाटायचं. "बाईंना काय तर लागलंय," नरसम्मा म्हणायच्या आणि उंबऱ्यात लिंबू ठेवायच्या. इंदूनं त्याचं सरबत केलं. माकडांच्या जवळ जातेस का, असं मी विचारलं की इंदू म्हणायची, "छे, लांबूनच बघते. त्यांच्यात जायचं नाही, हा माझा नियम आहे."

ती गेल्याचं सांगायला म्हणून मार्गशीर्षात मी त्या गावी गेले. त्यांना आधीच कळलं होतं. गेनबांनी मला बसायला घोंगडी टाकली, डोळे पुसले आणि सरळच सांगितलं, "वाईट वाटून घिऊ नगा. सबूद बाईंला दिला हुता. बाई गेल्या, सबूद फिटला." कोपऱ्यात कुऱ्हाडी लावून ठेवल्या होत्या, त्याच दिवसासाठी. मी खूप बोलले. बी, ओल, गालाच्या पिशव्या, सगळं तिच्यासारखं सांगायचा प्रयत्न केला. गणिताच्या बाईचं कोण ऐकणार! गेनबा आणि त्यांचे दोन पुतणे निघाले आणि मी त्यांच्या मागून, फरफटत गेल्यासारखी. निदान तोडताना तिचं कुणीतरी तिथं असावं, एवढंच मनात होतं.

ओळीच्या टोकाशी, गावाच्या शिवेलगत, एक सपाट खडक आहे. पुढं चाललेला पुतण्या तिथं थबकला. खडकाच्या पायथ्याशी यंदाच्या पावसात उगवलेली रोपं होती, वीतभर उंचीची, आणि ती ओळीत नव्हती. त्यांचं गोल कडं झालं होतं, दाट, हातात हात धरल्यासारखं. मधे जमीन मोकळी. एक बाई मांडी घालून बसेल एवढीच. उन्हाळाभर, भोकरं पिकलेली असताना, कुणीतरी तिथं हललंच नव्हतं, आणि ती सगळी माकडं तिला घेरून बसली होती. पाठीला पाठ लावून, निर्धास्त, बिया थुंकत. नियमाबद्दल इंदू माझ्याशी चक्क खोटं बोलली होती...

मला हे सगळं कळत होतं. तिनंच शिकवलं होतं, पायरीपायरीनं मांडून दाखवता आलं असतं. पण मी मान उचलली. वर खडकावर माकडं बसली होती. गाल फुगलेले, आणि एकही आमच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा आमच्या खांद्यांपलीकडे.

गेनबांनी डोक्याचा पटका काढून काखेत धरला. त्यांची नजर त्या मोकळ्या जागेवर होती.

"बाई हायत की हितं," ते हळूच म्हणाले. मग पुतण्यांकडे वळून, "चला माघारी. सबूद हाय."

पुतण्यांनी कुऱ्हाडी खांद्यावर टाकल्या. मी मात्र भान नसल्यासारखी पुढं निघाले होते. गेनबांनी हात आडवा घातला.

"जरा वळसा घालून या बाई," ते म्हणाले. "त्यांच्या अंगावर पाय पडंल."

मी वळसा घातला.