सायीच्या रंगाचा कोट

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वेडंवाकडं आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते किराण्याची यादी करण्यापुरतं. हे कागद कुणाच्या हाती लागलेच तर चुकांसाठी माफ करावं. तोंडाने मला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मी मुलीकडे असते, सिडनीत, गिरावीनला. ह्यांना थंडी सोसत नाही, म्हणून हे गावीच राहिले. जावयांनी दोन्ही आयांना नॉर्वे दाखवायचं ठरवलं. दोन्ही म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई, जावयांच्या आई. त्या धाकट्या मुलाकडे वॉलॉंगॉंगला असतात. पुण्याला शाळेत मुख्याध्यापिका होत्या, इंग्रजी फाडफाड बोलतात. मी त्यांच्यासमोर मराठीसुद्धा जपून बोलते.

जहाज लहानसं होतं. समुद्र डोंगरांच्या मधून आत शिरलेला आणि दोन्ही बाजूंना काळे कडे. वर बर्फ, खाली हिरवंगार पाणी. एका कड्यावर उंच एकटंच लाल घर दिसलं. रस्ता नाही, पायवाट नाही. मीठ संपलं तर तिथली बाई काय करत असेल, हेच मी बराच वेळ मनात घोळवत होते.

त्या दिवशी मुलगी आणि जावई वल्ह्याच्या छोट्या होडीतून फिरायला गेले. आम्ही दोघी जहाजावर. आमच्यासाठी जहाज धबधब्याच्या अगदी जवळ नेणार होते.

आमच्याकडे मोठं पाणी पहिल्यांदा पाहिलं की त्याची ओटी भरतात. आई कुठल्याही नदीवर गेली तरी आधी हळदकुंकू वाहायची, मग पाय बुडवायची. मी घरून निघतानाच पुडी बांधून घेतली होती. मुलीने बॅग भरताना ती पाहिली.

"आई, तिथं पाण्यात काही टाकायचं नाही हं. दंड करतात."

"नाही गं, टाकत कशाला," असं मी म्हटलं. चिमूटभर हळदकुंकवाला टाकणं म्हणतात, हे माझ्या मनाला पटलंच नव्हतं.

धबधबा जवळ आला. सगळे फोटो काढत होते. मी पुढच्या टोकाला कठड्याशी गेले, डोकं पदराने झाकलं, पुडी उघडली आणि मूठ पाण्यावर धरून सोडली. वारा समोरून होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सगळं उलटं आलं.

मागे एक म्हातारी गोरी बाई उभी होती. अंगात सायीच्या रंगाचा लोकरीचा लांब कोट. धबधब्याच्या तुषारांनी तो ओला झालेला, त्यावर कुंकू पडलं आणि ओघळायला लागलं. मी घाबरून पदराने पुसायला गेले. पुसलं तसं ते पसरलं, हळदही त्यात मिसळली. कुणीतरी ओरडलं. जहाजावरचा एक माणूस औषधांची पेटी घेऊन धावत आला. त्यांना वाटलं, रक्त आहे.

बाई माझ्याकडे बघून काहीतरी विचारत होती. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. सॉरी हा शब्द मला येतो. इथे दुकानात, ट्रेनमध्ये लोक दिवसभर म्हणतात, मीही म्हणते. तेव्हा मात्र तोंडच उघडलं नाही. लाल हात घेऊन मी नुसती उभी राहिले.

विहीणबाईच पुढे आल्या. त्यांनी बाईला समजावलं, पेटीवाल्याला परत पाठवलं. जहाजावरच्या माणसाने सांगितलं, असा कोट साफ होणं कठीण आहे. बाई नको नको म्हणत होती, तरी विहीणबाईंनी पर्समधून कार्ड काढलं आणि तिथल्या तिथे जहाजाच्या काउंटरवर कोटाचे पैसे भरले.

रात्री जेवायला मुलगी, जावई, शेजारच्या टेबलावरचं दिल्लीचं एक मराठी जोडपं, सगळे होते. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या विहीणबाईंनी आज नॉर्वेची ओटी भरली. नॉर्वे जरा लाजली, एवढंच!" सगळे हसले. जावईसुद्धा. मुलगी हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पलीकडे ती बाई स्वेटर घालून जेवत होती.

सिडनीला परत आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, मी देते ना त्यांना पैसे." पण तिचे पैसे ते जावयांचे, म्हणजे विहीणबाईंच्याच घरचे. मुलीच्या आईने सासरच्यांचं देणं डोक्यावर घेऊन त्यांच्याच पंक्तीला कसं बसायचं? मी इथल्या दोन मराठी घरी पोळ्या करायला जायला लागले. मुलीला ते आवडलं नाही. "लोक म्हणतील, आईला कामाला लावलं." मी तरी गेले. थोडे साठले की विहीणबाईंना द्यायचे. त्या प्रत्येक वेळी "अहो, आपण काय परके का?" म्हणायच्या, घ्यायच्या, आणि कुणी पाहुणं असलं की कोटाची गोष्ट सांगायच्या. मी स्वयंपाकघरात जायची.

परवा दुपारी त्या वॉलॉंगॉंगहून आल्या. शेजारीण बसली होती. चहा होईपर्यंत गोष्ट सुरू झाली. "पांढराशुभ्र कोट हो, आणि ह्या बाई..." मी आत जाऊन थांबले नाही. तांदळाच्या डब्यामागचं पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं.

"हे शेवटचे," मी म्हटलं. "आणि कोट पांढरा नव्हता. सायीच्या रंगाचा होता."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. विहीणबाईंनी ह्या वेळी परके वगैरे काही म्हटलं नाही. चष्मा लावला, नोटा एकेक मोजल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे आले."