झेपाव नही

नानांचा मला राग यायचा, आणि आजही त्यांचा विषय निघाला की येतो. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोड बोलतात. मी बोलणार नाही. तुमच्याही गावात असा एक माणूस असेलच, तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत नाही म्हणून मोकळा होणारा. आमच्या धुळ्यात तो मान नानांचा. नवीन प्रोग्रॅम टाकू का? नाही. पडद्यावर फुलांचं चित्र लावू का? नाही. दोन कामं एकदम चालवली तर? यावर ते नुसतं "झेपाव नही" म्हणायचे. म्हणजे झेपणार नाही. तेही तुमच्याकडे न बघता, मशीनकडे बघून, आणि एवढ्या कळवळ्याने की जणू त्या बिचाऱ्याला तुम्हीच उपाशी ठेवलंय.

नव्वदीची अखेर होती. हेमंतभाऊंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिंग आणि पत्रलेखन शिकवायचे. बी.कॉम. झालं होतं, वय एकवीस, आणि सगळे मला मॅडम म्हणायचे. क्लासमध्ये पाच मशिनं, पाचही मुंबईच्या कुठल्यातरी ऑफिसातून आलेली जुनी. चालू केल्यावर पडदा उजळेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. त्यांच्या दुरुस्तीला नाना नरडाण्याहून एस.टी.ने सोमवारी आणि गुरुवारी यायचे. मूळचे सूतगिरणीतले फिटर. गिरणी बंद पडली, मग रेडिओ, टीव्ही असं करत करत कॉम्प्युटरपर्यंत आलेले. तेही मला मॅडमच म्हणायचे, पण असं काही लांबवून की वर्गातली पोरं खाली बघून हसायची.

मे महिन्यात आमच्याकडे ऊन काय असतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. वर्गात एकच टेबलफॅन. नाना आले की पहिल्यांदा प्रत्येक मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून बघत, आणि मग तो पंखा आमच्याकडून फिरवून मशीनकडे लावत. मी एकदा म्हटलं, "नाना, आम्हीपण माणसंच आहोत." तर म्हणे, "तुम्ही बंद पडलात तर पाणी मारून चालू होता, मॅडम. हे होत नाही." दिवसभर घामाने माझी पाठ चिंब, आणि तो मेला डबा गार वाऱ्यात बसलेला!

आता मुद्द्याचं. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असायचा आणि त्या वेळात मी गेम खेळायचे. मोटारसायकलची शर्यत होती, घाटातली. सतरा वळणं, दोन पूल, शेवटी एक बोगदा. एक फेरी मी एक्कावन्न सेकंदांत मारायचे. विनय वगैरे काही नाही, सरळ सांगते, क्लासमधल्या कुठल्याही पोराला ती पासष्टच्या खाली जमली नव्हती. हेमंतभाऊ स्वतः दुसऱ्याच वळणावर दरीत जायचे.

आणि एक दिवस पेपरात जाहिरात आली. पुण्यातल्या एका कंपनीला परदेशी गेम खेळून तपासणारी माणसं हवी होती. अर्जासोबत तुमच्या खेळाचं रेकॉर्डिंग फ्लॉप्यांवर पाठवायचं, म्हणजे पडद्यावर जे चाललंय ते जसंच्या तसं. गेमच्या नावांची यादी होती आणि त्यात माझी घाटातली शर्यत होती! बाबा म्हणाले, "खेळायला कोणी पगार देतं का?" मला मात्र ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की जाहिरातीचं कात्रण मी पर्समध्ये ठेवून रोज चारदा वाचायचे. आयुष्यात एका गोष्टीत मी बाकीच्यांपेक्षा वरचढ होते, आणि त्या गोष्टीला कोणीतरी पहिल्यांदाच काम म्हणत होतं.

पण पडदा रेकॉर्ड करायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. मासिकांसोबत मिळणाऱ्या सीड्यांवर असे सहा सापडले. सहांतला कोणता घ्यायचा? हेमंतभाऊंनी हात वर केले. "नानांना विचार." झालं! माझं नशीब गेलं नरडाण्याच्या एस.टी.च्या हवाली.

नानांनी निवड कशी केली म्हणता? जशी गिरणीत केली असती तशी. त्यांचा एकच नियम, मशीन आधी रिकामं चालवून बघायचं, मग त्यावर लोड टाकून बघायचं, आणि किती मागे पडतं ते मनगटावरच्या घड्याळात मोजायचं. प्रोग्रॅम दिसायला कसा आहे, त्यात काय सोयी आहेत, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पहिला प्रोग्रॅम टाकल्या टाकल्या मशीन गपगार झालं. "झेपाव नही." दुसऱ्याने गेम चालू होऊ दिला, पण मोटारसायकल जागेवरच थरथरत राहिली. "झेपाव नही." तिसरा, चौथा, तेच. दोन आठवडे गेले माझे! आणि वर सूचना काय, तर पडद्यावरचं चित्र काढ, रंग कमी कर, आवाज बंद कर, गेमची खिडकी लहान कर. ती एवढीशी केली की मोटारसायकल मुंगीएवढी दिसायला लागली. मी कुरकुरले तर, "मॅडम, खेळायचंय का नटायचंय?"

शेवटी दोन उरले. एकाच्या चित्रावर निळा गोळा होता, दुसऱ्याच्या पिवळा. निळ्याचं रेकॉर्डिंग कसं म्हणाल, तर लोण्यासारखं. एकही धक्का नाही. पिवळ्याचं मात्र तुटक, मोटारसायकल पुलाच्या अलीकडे दिसायची आणि एकदम पलीकडेच उगवायची. अर्थातच मी निळा घेतला. नाना त्या दिवशी नव्हते, आणि नसल्याचा मला आनंद होता. आठवडाभर रोज दुपारी निळा चालू ठेवून खेळले. सुरुवातीला गेम जरा जड वाटला, मग हात बसला, आणि काय सांगू, पन्नास, सत्तेचाळीस, आणि शनिवारी त्रेचाळीस! त्रेचाळीस सेकंदांत फेरी! सगळ्या बॅचला मी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. पोरं टाळ्या वाजवत होती. हेमंतभाऊंनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

सोमवारी नाना आले. त्यांनी रेकॉर्डिंग बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "परत खेळा, मॅडम. निळा चालू ठेवून." अकराची बॅच बसलेली होती. मी ऐटीत खेळले. गेममधल्या घड्याळाने पंचेचाळीस दाखवले. नानांनी आपलं घड्याळ उचलून माझ्यापुढे धरलं. एक मिनिट अठ्ठावीस सेकंद.

"हाई बठ्ठं खोटं शे," ते म्हणाले. म्हणजे हे सगळं खोटं आहे. मग सगळ्या वर्गाला कळावं म्हणून नीट मराठीत समजावून सांगितलं. निळ्याचा भार पडला की मशीन मागे पडतं, गेम अर्ध्या वेगाने चालतो, वळण हळूहळू येतं, तुम्हाला विचार करायला दुप्पट वेळ मिळतो. गेमचं घड्याळसुद्धा त्याच्याबरोबर रेंगाळतं. रेकॉर्डिंग नंतर पूर्ण वेगाने दिसतं, म्हणून मॅडम वाघीण वाटतात. "पिवळा घ्या. त्याला झेपत नाही तेव्हा तो चित्र सोडून देतो, पण गेमला हात लावत नाही. चित्र फाटलं तरी चालेल, वेग खरा पाहिजे. आणि निळ्यावर हात बसवू नका, हाताला खोटी सवय लागेल."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्गासमोर! ज्या पोरांनी परवा टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर! मी ताडकन उठले आणि बोलले. जे बोलले ते आज लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. "तुमची गिरणी बंद पडली म्हणून दुसऱ्याचं काही चालू झालेलं तुम्हाला बघवत नाही, नाना." नानांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. पट्टा जुना होता, त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. म्हणाले, "पाठवायचं तर पाठवा, मॅडम. पण पुण्याला कोणी विचारलं, तर रेकॉर्डिंगला नाना होते असं सांगू नका."

मी पाठवलं. निळंच पाठवलं. बारा फ्लॉप्यांवर तुकडे करून, प्रत्येकीवर नंबर घालून. पिवळ्यावरचं एक्कावन्नचं रेकॉर्डिंगसुद्धा करून ठेवलं होतं, नाही असं नाही. ते उघडून बघितलं आणि ते फाटकं चित्र पुण्याला पाठवायची मला शरम वाटली. मी स्वतःला म्हटलं, खेळले तर मीच ना? बोटं तर माझीच होती ना? आणि पार्सल टाकून आले.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. तोवर मी रोज दुपारी निळा चालू ठेवूनच खेळत होते. घरात पेढे, शेजारी पेढे, क्लासमध्ये पेढे. नानांनाही दिला. त्यांनी खाल्ला आणि पंखा मशीनकडे फिरवला.

पुण्याचं ऑफिस थंडगार होतं. चौघांना बोलावलं होतं, त्यात बाई मी एकटी. मला एका नव्याकोऱ्या पेंटियमसमोर बसवलं. मागे दोन साहेब उभे. त्यातले एक हौसेने म्हणाले, "या त्रेचाळीसवाल्या." गेम सुरू झाला आणि मला पहिल्याच वळणावर कळलं. वळण यायच्या आधीच गाडी वळणावर होती. महिनाभर निळ्याच्या संथपणाला सरावलेले हात ब्रेक दाबेपर्यंत मी दरीत. दुसऱ्यांदा पुलावरून खाली. तिसऱ्यांदा फेरी पुरी केली, ऐंशी सेकंद. मला मागे वळून बघवत नव्हतं. मग मागच्या साहेबांनी अगदी शांतपणे विचारलं, "ते रेकॉर्डिंग तुमचंच होतं ना?" मी हो म्हटलं. खरंच तर होतं. ते "बरं" म्हणाले, आणि ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

ज्याला घेतलं तो सोलापूरकडचा मुलगा होता. बाहेर बाकावर आम्ही शेजारीच बसलो होतो. त्यानेही जुन्याच मशीनवर रेकॉर्ड केलं होतं. "माझं फार तुटक आलं हो," तो म्हणाला, "वाटलं, फेकूनच देतील." मी विचारलं, किती सेकंद? तो लाजून म्हणाला, "त्रेपन्न."

घरी येऊन मी सांगितलं की त्यांना मुलगी नको होती. बाबांनी त्या कंपनीला शिव्या घातल्या. हेमंतभाऊंनीही घातल्या. खोटं काय होतं ते क्लासमध्ये एकट्या नानांना कळलं असणार, आणि ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला त्यांच्या कुजकट बोलण्यापेक्षा जास्त राग आला. सोमवार, गुरुवार, सोमवार. मशीनवर हात ठेवायचे, पंखा फिरवायचे, एक अक्षर काढायचे नाहीत. एकदा तरी टोमणा मारायचा होता! मी उत्तर तयार करून बसले होते. घाटातली शर्यत मात्र मी त्यानंतर उघडली नाही.

दिवाळीनंतर हेमंतभाऊंनी नवी मशिनं घेतली. दुरुस्ती कंपनीकडे. नानांचं काम संपलं. शेवटच्या गुरुवारी ते आपले पेचकस फडक्यात गुंडाळत होते आणि मी खिडकीशी हजेरी भरत होते. बाकी कोणी नव्हतं. मानही वर न करता त्यांनी विचारलं, "पुण्याला घेतलं त्या पोराचे किती होते?"

मुलगी नको होती हे वाक्य जिभेवर होतं. पण निघालं, "त्रेपन्न."

नानांचा हात फडक्यावरच थांबला. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक्कावन्न काय वाईट होते गं?" मॅडम नाही, लांबवलेला सूर नाही. "ह्या असल्या मशीनवर एक्कावन्न! मी गिरणीत तीस वर्षं हात बघितले. असा हात नाही बघितला."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "मग तेव्हा का नाही सांगितलंत? अख्ख्या वर्गासमोर खोटं खोटं म्हणून सांगता आलं, आणि हे एवढं सांगता आलं नाही तुम्हाला?"

मला वाटलं, आता ते म्हणतील, तुम्ही कुठे विचारलंत, मॅडम. त्याच्यावर काय बोलायचं तेही माझं ठरलेलं होतं. पण नाना म्हणाले, "सांगायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."

आणि फडकं काखेत मारून ते जिना उतरून गेले. ज्या माणसाने कधी कुणाचं काही बरोबर म्हटलं नाही, त्याने जाता जाता माझं एकच बरोबर म्हटलं, तेही उपयोग नसताना. आणि वर स्वतःची चूक कबूल करून माझं भांडणसुद्धा काढून घेतलं. दोन वर्षांनी ते नरडाण्याला वारल्याचं हेमंतभाऊंकडून कळलं. मी तिकडे गेले नाही. जाऊन कोणाला काय सांगणार होते? मी कोण त्यांची? त्या दिवशी क्लासला सुट्टी होती. मी कुलूप उघडून आत जाऊन बसले आणि भांडायला समोर कोणी नाही म्हणून रडले.