एका वाटेसाठी थांबलेली सही

शेलारसरांना मी पहिल्यांदा भेटले ते चालता चालता. मुलाखतीसाठी त्यांच्या लोणावळ्याच्या कचेरीत गेले, तर सर चपला घालून दारातच उभे. "औंढ्यापर्यंत जाऊन येऊ, वाटेत बोलू," म्हणाले. परतेपर्यंत माझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या आणि नोकरी पक्की झाली होती. अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथात सरांच्या शांत स्वभावाबद्दल कुणी लिहिलं असेल, तर त्यांची आणि सरांची ओळख नाही असं खुशाल समजावं.

सर मूळचे आंदर मावळातले. वीजक्षेत्रातली नोकरी संपल्यावर लोक विश्रांती घेतात. सरांनी झांबियात मोठा सौर वीजप्रकल्प उभारायचं मनावर घेतलं. जमीन, सरकारी परवाने, वीजखरेदीचा करार आणि शेवटी वित्तसंस्थांचं कर्ज. एक कागद अडला की बाकीच्यांची मुदत संपत आलेली असायची. सहा वर्षं ही धावपळ चालली. जमिनीचा अहवाल माझ्याकडे होता.

मी जमीन पाहायला गेले ती कोरड्या दिवसांत. नजर जाईल तिथवर माणूस नाही, जनावर नाही. 'जमीन वापरात नाही' असं लिहून मी मोकळी झाले. कर्जकरारावर सही व्हायला चार दिवस असताना सर तिथे आले आणि सवयीप्रमाणे चालत सुटले. एका काटेरी झाडापाशी थबकले. गुरांनी अंग घासून घासून त्याचा बुंधा गुळगुळीत झाला होता. सर भडकले की थेट मावळी बोलतात.

"गुरं कुटं गेली, इचारलंस का कुनाला?"

"इथे गुरं नाहीत, सर."

"आत्ता न्हाईत! खाली नदीकडं गेली असतील चाऱ्याला. माघारी आली म्हंजी आपल्या कुंपनाला डोस्की आपटायची का त्यांनी?"

जवळच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गुराख्याने दुभाष्यामार्फत तेच सांगितलं. पावसाळ्यात सगळे कळप याच वाटेने वर येतात. आमचं कुंपण नेमकं त्या वाटेवर आडवं पडणार होतं.

आमचे भागीदार म्हणाले, "आधी सही होऊ द्या, वाटेचं नंतर बघू." सही लांबली आणि मुदत हुकली, तर वीजखरेदीचा करार रद्द होणार होता आणि सहा वर्षं पाण्यात. सरांनी त्याच दुपारी वित्तसंस्थांना पत्र पाठवलं: अहवाल चुकीचा आहे, सही थांबवा. माझी नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते. पत्राची प्रत हाती आली. त्यात लिहिलं होतं, 'पाहणी माझ्या देखरेखीखाली झाली. चूक माझी.' माझं नाव कुठेच नव्हतं. मला रडू आवरेना.

पुढचे सात आठवडे कुणालाच चैन नव्हती. कचेरीच्या व्हरांड्यात सरांच्या येरझाऱ्या चालायच्या, टेबलावर चहा निवून जायचा. पॅनेलच्या रांगा सरकवून मधून रुंद वाट काढायची, त्यामुळे घटणाऱ्या विजेचा हिशेब पुन्हा मांडायचा, तो वित्तसंस्थांच्या गळी उतरवायचा. एकदा मी माफी मागायला गेले. "माफीचं काय लोणचं घालू? नकाशा दाखव," म्हणाले आणि खुर्ची ओढून दिली. स्वतः अर्थात उभेच.

मुदत संपायला दोन दिवस असताना बैठक झाली. वित्तसंस्थेच्या बाईंनी विचारलं, "कर्ज अठरा वर्षांचं आहे. तितकी वर्षं ही वाट मोकळी राहील, याची जबाबदारी कोणाची?"

सर तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. "माझी. दरवर्षी कळप परतायच्या आधी मी स्वतः ती वाट चालून पाहीन."

बाईंनी हसून ते करारात लिहून घेतलं आणि सह्या झाल्या. सर मात्र हसण्यावारी नेणाऱ्यांतले नव्हेत; त्यानंतर एकही वर्ष त्यांनी चुकवलेलं नाही. यंदा गुडघ्यामुळे डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. सरांनी डॉक्टर बदलले.

ती चूक आजही कागदोपत्री सरांच्या नावावर आहे. ती माझी होती, हे इथे सर्वांसमक्ष लिहिते.

सर, कर्ज फिटायला अजून बारा वर्षं आहेत. तोवर आजारी पडायची तुम्हाला करारानेच मुभा नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी, शेवटचा हप्ता फिटेल तेव्हाही तुम्ही त्या वाटेवर आमच्या चार पावलं पुढे असा, आणि मागे वळून आम्हाला "लय हळू चालता!" म्हणून ओरडा.