पहिला हात मालकाचा

ठमाबाईबद्दल दिनानाथला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. तिचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, एकटीने एवढी वर्षं कशी काढली, हे त्याने कधी विचारलं नाही. रेवदंड्याच्या खाडीकाठी तिची मोठी काहील होती आणि त्याची जाळी तिथे रंगत, एवढीच काय ती ओळख.

जाळ्याचं सूत खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळत. जाळी निघाली की उरलेला कोमट काढा कोणी फेकत नसे. काट्यांनी चिरलेले हात आणि भेगाळलेले पाय त्यात बुडवले की कातडी घट्ट होई. रीत मात्र अशी, की पहिला हात काहिलीच्या मालकिणीचा. मग बाकीच्यांचे.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या वर्षी व्यापारी तुळशीरामशेट मुंबईहून कसल्याशा रसायनाचे नारिंगी खडे घेऊन आला. सालीत उकळलेलं जाळं या खड्यांच्या पाण्यात बुडवलं तर दुप्पट टिकतं, असं तो सांगे, आणि ते खोटं नव्हतं. त्या हंगामात ठमाबाईनेही काहिलीत खडे विरघळवले. काम उरकल्यावर रीतीप्रमाणे त्या पिवळ्या पाण्यात आधी तिने हात बुडवले, मागून सगळ्यांनी.

मग बोटांच्या पेरांवर गोल भोकं पडू लागली, टोच्याने पाडावीत तशी. फारशी दुखत नसत, पण भरतही नसत. कोणी देवीचा कोप म्हणालं, कोणी त्याहून वाईट काही. दिनानाथची बायको काशी हात पदराखाली धरून वावरू लागली. ठमाबाईने मात्र हात लपवले नाहीत. ती घरोघर फिरून सगळ्यांचे हात बघून आली. ज्यांनी त्या पाण्यात हात घातले होते, त्यांचेच खाल्ले गेले होते. उरलेले खडे तिने शेटच्या ओटीवर परत नेऊन ठेवले आणि काहील राखेने घासून काढली.

शेटला हे झोंबलं. नारळी पुनवेनंतर त्याने तिच्या शेजारीच स्वतःचा हौद बांधला, त्याच खड्यांच्या पाण्याने भरला आणि होडीवाल्यांना बोलावलं. म्हातारीला धंदा जायची भीती वाटते, म्हणून ती अफवा उठवते, असं तो हसत हसत सगळ्यांना सांगत होता. ठमाबाई गर्दीतून पुढे आली.

"शेट, हौद तुमचाच ना?"

"माझाच. मग कोणाचा?"

"मंग आमची रीत हाय. पहिला हात मालकाचा."

शेट म्हणाला, "मी काय कोळी आहे?"

"कोळी न्हाय, पण कातडी तर हाय ना?"

बाया हसल्या. शेटने बाही वर सारली. तेवढ्यात ठमाबाईने आपला हात त्याच्या हाताशेजारी हौदाच्या काठावर ठेवला, भोकांसकट. मग काशीने ठेवला, पदरातून काढून. शेटने ते हात पाहिले आणि बाही खाली केली. खिशातून रुमाल काढून कोरडेच हात पुसत तो गड्यांना म्हणाला, हौद खाजणात रिकामा करा.

त्या खाजणाच्या चिखलात बाया तिसऱ्या शिंपल्या वेचत. ठमाबाई हौदाच्या मोरीसमोर फतकल मारून बसली. शेट ओरडला, गडी घुटमळले, पाटील येऊन समजावून गेला. ती उठली नाही. तिला उचलायला कोणी पुढे झालं नाही, आणि दिनानाथने आपलं जाळं हौदाजवळून उचलून तिच्या काहिलीशी नेऊन टाकलं.

ते पाणी हौदातच उन्हाने आटलं. तळाशी पिवळी खपली राहिली, तिच्यावर शेवाळही धरलं नाही. शेटने नवा हौद खाडीपलीकडे मांडला आणि काही होड्या तिकडे गेल्याही. जाळी टिकत होतीच. ठमाबाईकडे जाळी कमी येऊ लागली, तरी तिने एकही खडा पुन्हा घेतला नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. त्याआधी दिनानाथने शेवटचं जाळं रंगवायला आणलं, त्या दिवशी चुलीतला जाळ ओढून ती बाजूला बसली होती.

"काढा निवला, दिना. घाल हात."

"काकी, तू आधी बुडवलास?"

"कवाच."