ओंकारची फाईल

सरकारी कामात फायली वर जातात, किस्से मात्र खालीच राहतात. सोलापूरच्या आमच्या दवाखान्यात उपचारांना मदत देणाऱ्या सरकारी योजनेच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसतेय. माझ्याकडे इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळं कपाट मागायला हवं! आज एकाच फाईलचे सांगते.

सांगोल्याकडचा ओंकार, वय सहा, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. जुळणारा दाता मिळाला आणि सरकारी मदत मंजूर झाली, तर मूळपेशींचं प्रत्यारोपण होऊन पोराची सुटका होणार होती. ही फाईल मंजूर करून आणायचीच, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

*

ओंकारच्या आईला, सुरेखाला मी विचारलं, बाळंतपणात नाळेतलं रक्त कुठे साठवून ठेवलं होतं का? दुसऱ्या दिवशी आजी आल्या आणि पदराच्या गाठीतून वाळलेली नाळच काढून टेबलावर ठेवली. सहा वर्षं जपलेली! मी समजावलं, हिचा उपयोग नाही, रक्त तेव्हाच गोठवून ठेवावं लागतं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असू द्या. फायलीला लावा की. पोरगं आमचंच हाय, ह्याचा पुरावा तरी हुईल."

*

मग दात्याची तपासणी. सख्ख्या भावंडाला आणा, असा निरोप दिला. पिकअप भरून अकरा चुलते आणि चुलतभाऊ उतरले, सगळे उपाशीपोटी. आमचे क्लार्क बिराजदार अक्कलकोटचे, शिस्तीचे. त्यांनी विचारलं, यात सख्खं कोण?

थोरले चुलते म्हणाले, "आमच्यात चुलत कुणीच न्हाय. समदे सख्खेच हायत."

खरी सख्खी होती आठ वर्षांची वैष्णवी. ती पिकअपमध्ये सगळ्यांचे डबे राखत बसली होती. पोरीचं चालतं का, असं चुलत्यांनी विचारलं तेव्हा मला रागच आला. मी तिचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट बोलला: तंतोतंत जुळते!

*

वैष्णवीची एक अट होती. ओंकार तिच्या सायकलला हात लावणार नाही, हे लेखी पाहिजे. बिराजदारांनी कागद टाइप केला, ओंकारचा अंगठा घेतला, वर आवक क्रमांक टाकला. एका दिवसात निकाली निघालेलं त्यांच्या नोकरीतलं हे एकमेव प्रकरण.

*

फाईल वर अडकली. मी रोज फोन करायची. शेवटी साहेब वैतागले, म्हणाले, पेशंट अजून किती थांबू शकतो?

"साहेब, सहा वर्षांचा आहे. पाच मिनिटंसुद्धा थांबत नाही."

त्याच आठवड्यात मंजुरी आली.

*

प्रत्यारोपण झालं, उत्तम झालं. दात्याच्या पेशी रुजल्या की रक्तगटही दात्याचाच होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ओंकारचा ओ होता, वैष्णवीचा बी; पेशी जुळल्या की रक्तगट वेगळा असला तरी चालतो. आता तोही बी झाला.

पुढच्या औषधांच्या मदतीसाठी आम्ही नवा रिपोर्ट जोडला आणि फाईल धाडकन परत! शेरा होता: 'रक्तगट जुळत नाही. रुग्ण बदलला आहे काय? पालकांनी लेखी खुलासा करावा.'

घरात पंधरा दिवसांची औषधं उरलेली. मी तावातावाने दोन पानी उत्तर लिहायला घेतलं. औषधं वेळेत मिळाली हे आधीच सांगते, पण ती माझ्या दोन पानांवर नव्हे. खुलाशावर सही करायला आलेल्या सुरेखानं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्या शेऱ्याखाली सावकाश लिहिलं:

"रुग्ण तोच हाय. आता त्याच्यात त्याची बहीण पण हाय."